चौकशीच्या खोलीत कॅमेरा का नको?

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यापैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने पोलिसांवर एक स्पष्ट बंधन घातले आहे. कुणाच्या घराची झडती घ्यायची असेल, काही वस्तू जप्त करायच्या असतील, तर त्या संपूर्ण कारवाईचे आवाजासह चित्रीकरण करायचे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. चांगली गोष्ट आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या माणसाला घरातून उचलून ठाण्यात आणले, त्याला तिथे काय विचारले, कसे विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, याचे चित्रीकरण केलेच पाहिजे असे सांगणारे एकही कलम त्याच संहितेत नाही. कलम १८० एवढेच सांगते की पोलिसांसमोरचा जबाब ध्वनिचित्रमुद्रण करून नोंदवता 'येईल'. म्हणजे साहेबांची मर्जी असेल तर. घरातल्या कपाटाला आणि पेटीला कॅमेऱ्याचे संरक्षण मिळाले. माणसाला मात्र मिळाले नाही.

हा विषय वकिलांचा आहे, आपला नाही, असे समजून चळवळीतल्या कार्यकर्त्याने पान उलटू नये. कारण त्या बंद खोलीत कोणाला नेले जाते, याचा हिशेब मांडला तर तो वस्तीवस्तीवर, पाड्यापाड्यावर येऊन थांबतो. पैसेवाल्याचा वकील त्याच्या आधी ठाण्यात पोहोचतो. वीटभट्टीवरच्या कातकऱ्याचा, नाक्यावरच्या मजुराचा, झोपडपट्टीतल्या बौद्ध पोराचा वकील त्याला कोर्टात उभे केल्यानंतरही येत नाही. मधल्या काळात त्या खोलीत जे घडते, त्याचा एकच लेखक असतो, तो म्हणजे पोलीस.

गडचिंचलेचे दोन प्रश्न

पालघर जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते १६ एप्रिल २०२० च्या रात्री. टाळेबंदीच्या काळात मुंबईहून सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांची डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने हत्या केली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, या अफवेने परिसर आधीच पेटलेला होता. हत्या अमानुष होती. तिचे समर्थन कुणीही करू शकत नाही आणि दोषींना शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही.

पण या प्रकरणातून दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, त्या रात्री घटनास्थळी पोलीस हजर होते हे देशाला कसे कळले? कुणीतरी मोबाईलवर केलेल्या चित्रीकरणामुळे. ते चित्रीकरण नसते तर 'पोलिसांनी शर्थीचे प्रयत्न केले, परंतु जमाव मोठा होता' एवढ्या एका वाक्यात सगळे संपले असते. चित्रीकरण होते म्हणून कासा ठाण्यातल्या पोलिसांवर कारवाई झाली, तिघांना सेवेतून काढून टाकण्यात आले. नोंद असली की जबाबदारी ठरते, हे पालघरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरा प्रश्न त्यानंतरचा आहे. घटनेनंतर काही तासांतच शंभराहून अधिक लोक पकडले गेले आणि पुढे हा आकडा दोनशेवर गेला. यातले बहुसंख्य आदिवासी होते. कोण जमावात होता, कोणी दगड मारला, कोण नुसता उभा होता आणि कोण घरी झोपला होता, हे ठरवायचे कसे? चौकशीतूनच. ती चौकशी कोणत्या भाषेत झाली? वारली बोलणाऱ्या माणसाचे बोलणे पोलिसी मराठीत उतरवताना काय गळाले आणि काय भरले? तिथे जबरदस्ती झाली असे आम्ही म्हणत नाही. परंतु झाली नाही असेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण चौकशीची अशी नोंद ठेवणे कायद्याने बंधनकारकच नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्याच्या विशेष न्यायालयाने यातल्या ८९ जणांना जामीन दिला. तोपर्यंत त्यांनी नऊ महिने तुरुंगात काढले होते. निरपराध असेल तर त्याचे नऊ महिने गेले. आणि खरा अपराधी असेल तर मृतांच्या कुटुंबीयांनाही पक्क्या पुराव्याचा खटला हवाच आहे. चौकशीची पूर्ण नोंद दोघांच्याही हिताची होती.

त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये याच पालघरमध्ये, बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर मत लिहिले म्हणून एका तरुणीला आणि ते पसंत केले म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. देशभर टीका झाल्यावर शासनाने चौकशी केली, ही अटक अनाठायी ठरली आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. ज्या ६६ अ कलमाचा वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या दोन मुलींच्या मागे सगळा देश आणि सगळी वृत्तपत्रे उभी राहिली, म्हणून हे घडले. विक्रमगड-मोखाड्याच्या पाड्यावरच्या पोराच्या मागे कोणते वृत्तपत्र उभे राहते?

'स्वखुशीने सांगतो की...'

आता बोईसरकडे या. तारापूर औद्योगिक वसाहत, १९६९ पासून चालणारे अणुवीज केंद्र, रसायनांचे आणि कापडाचे कारखाने आणि त्यांच्याभोवती पसरलेल्या चाळी. इथे विदर्भ-मराठवाड्यातून आलेला आपला माणूस आहे, जव्हार-डहाणूचा आदिवासी आहे, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशाचा मजूर आहे. बहुतेक जण ठेकेदाराकडे, हजेरीवर. समजा, एखाद्या कारखान्यातून तांब्याची केबल चोरीला गेली. सुरक्षा ठेकेदार रातपाळीच्या कामगारांची यादी पोलिसांना देतो. त्या यादीतून पहिले कोणाला उचलले जाईल, हे बोईसरमधल्या कुठल्याही कामगाराला विचारा, तो न अडखळता सांगेल.

'चौकशीला चल' या दोन शब्दांत सगळी गंमत आहे. चौकशी म्हणजे अटक नव्हे, म्हणून स्टेशन डायरीत नोंद नाही. अटक नाही म्हणून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याचे घड्याळही सुरू होत नाही. दोन दिवसांनी अटक 'दाखवली' जाते. पोलिसांसमोरच्या जबाबावर आरोपीची सही घ्यायची नाही असा कायदा आहे; हेतू चांगला, पण परिणाम असा की पोलीस जे लिहितील ते त्याचे बोलणे. मग येतो निवेदन पंचनामा. दोन पंच आणि एक ठरीव वाक्य: सदर इसमास विचारणा केली असता त्याने स्वखुशीने सांगितले की, चोरीचा माल मी अमुक ठिकाणी लपवून ठेवला आहे व तो मी काढून देतो. वारली असो, भोजपुरी असो वा वऱ्हाडी, सगळ्यांच्या तोंडी हे एकच वाक्य, एकाच मराठीत.

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही, हे खरे. पण कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्याचे हे कलम २७, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आले आहे. या एका फटीतून देशातले असंख्य खटले आत शिरतात. आता गंमत पाहा. नव्या कायद्याने माल जप्त होतानाचे चित्रीकरण बंधनकारक केले. म्हणजे झुडपातून केबल काढून देणारा माणूस कॅमेऱ्यात दिसणार. पण ती केबल तिथे आहे हे त्याला माहीत होते, की ठाण्यातून निघताना त्याला सांगण्यात आले, हे कॅमेऱ्यात दिसणार नाही. अर्धे चित्रीकरण खोट्याला खऱ्याचा मुलामा देऊ शकते. म्हणून आमचे म्हणणे आहे की कॅमेरा सुरू व्हायचा असेल तर तो पहिल्या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे.

पुढे तो कामगार निर्दोष सुटला तरी काय? ठेकेदाराने त्याच दिवशी दुसरा माणूस लावलेला असतो. गेटपास गेला, खोलीचे भाडे थकले, पोरांची शाळा सुटली. निर्दोष सुटल्याचा कागद दाखवून वसाहतीत पुन्हा काम मिळत नाही.

साहेबांचाही विश्वास नव्हता

पोलिसांपुढची कबुली ग्राह्य धरायची नाही हा नियम इंग्रजांनी केला, तो भारतीयांच्या प्रेमापोटी नव्हे. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने अहवाल दिला आणि महसूल व पोलीस खात्याचे कर्मचारी रयतेचा कसा छळ करतात हे सरकारी कागदावर आले. स्वतःच्याच पोलिसांवर सरकारचा विश्वास उरला नाही, म्हणून १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आले. पण त्याच्या एकच वर्ष आधी, १८७१ मध्ये, त्याच सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता आणि जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. एका हाताने कबुलीला बंदी केली आणि दुसऱ्या हाताने ठरवून टाकले की अमक्याच्या पोटी जन्मला म्हणजे तो चोरच. मनुस्मृतीने जे हजारो वर्षे केले, ते इंग्रजांनी कलम घालून केले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पोलिसांच्या डोक्यातून तो रद्द झाला आहे काय, हे पारध्यांच्या पालावर जाऊन विचारावे.

नाशिकजवळच्या २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. पुढे त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि तपास करणाऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवले. सोळा वर्षे! फाशीचा दोर गळ्यापर्यंत आलेले हे सहा जण कोण होते, हे लक्षात ठेवा.

परमपूज्य बाबासाहेबांना हे सारे ठाऊक होते. घटनेतील जीवित व स्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' हे शब्द गळाले, तेव्हा त्यांनी ती उणीव भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नवे कलम १५ अ मांडले. आजचे कलम २२ ते हेच. अटकेची कारणे सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. त्याआधीच्या कलम २० च्या तिसऱ्या पोटकलमाने सांगितले की आरोपीला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. हे हक्क संविधानात आहेत. पण बंद खोलीत ते पाळले गेले की नाही, हे पाहणारा डोळा नसेल तर ते कागदावरच राहतात. चौकशीचे चित्रीकरण ही काही परदेशी चैन नाही, कलम २० आणि २२ ची अंमलबजावणी आहे.

कायद्यात सोय होती, वापरली नाही

पालघर-बोईसरचा माणूस विरारला गाडी बदलून मुंबईला कामाला जातो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याच पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. मकोका न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक जण तोपर्यंत तुरुंगातच मरण पावला होता. कबुलीजबाबांवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीतले मजकूर एकमेकांशी जुळत होते आणि छळाचे आरोप न्यायालयाला खरे वाटले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढी स्थगिती मिळाली. सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले गेले नाही.

आता मकोकाचे कलम १८ वाचा. १९९९ च्या या कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते आणि ती लेखी किंवा ध्वनिफीत, चित्रफीत अशा यांत्रिक साधनावर नोंदवता येते, असे कायद्यातच लिहिले आहे. म्हणजे साधनाची सोय होती. तरीही कबुल्या कागदावर आल्या आणि त्या टिकल्या नाहीत. एकोणीस वर्षांनंतर ना मृतांच्या नातलगांना न्याय मिळाला, ना तुरुंगात कुजलेल्यांचे आयुष्य परत मिळाले. खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्न विरार लोकलमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशाने कोणाला विचारायचा?

परभणीने शिकवलेला धडा

कॅमेरा लावला की काम झाले, असे समजणाऱ्यांनी परभणी आठवावी. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, मग पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. त्यात कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातला भीमसैनिक सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मात्र विधानसभेत सांगितले की सीसीटीव्ही चित्रीकरणात मारहाण दिसत नाही आणि सोमनाथने दंडाधिकाऱ्यासमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पोलिसांवर ठपका आला. सोमनाथच्या आईने शासनाची मदत नाकारली, बाळासाहेब उर्फ ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात बाजू मांडली आणि ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळाला. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. एका आईला आपल्या मुलाच्या मृत्यूचा साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सात महिने लागले!

इथून दोन गोष्टी शिकायच्या. एक, चित्रीकरण कोणाच्या ताब्यात आहे, त्यातला कोणता भाग कोण दाखवतो, यावर सत्य ठरत असेल तर तो कॅमेरा आपला नव्हे, त्यांचा आहे. दोन, 'दंडाधिकाऱ्यासमोर तक्रार केली नाही' याला काही अर्थ नसतो. 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' असा प्रश्न दंडाधिकारी विचारतात तेव्हा आरोपीच्या शेजारी पोलीसच उभे असतात आणि रिमांड मिळाला की त्यांच्याबरोबरच परत जायचे असते. अशा वेळी 'नाही' म्हणणारा माणूस सुखरूप आहे, असे समजणे म्हणजे झोपेचे सोंग घेणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोल्यांत, ठाण्याचा एकही भाग सुटणार नाही असे, आवाजासह टिपणारे कॅमेरे लावा. चित्रीकरण अठरा महिने जपा, तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान एक वर्ष. ज्या प्रकरणात हा आदेश झाला, त्यात जबाबांच्या ध्वनिचित्रमुद्रणाचाही प्रश्न पुढे आला होता. सविस्तर आदेश निघाले ते भिंतीवरच्या कॅमेऱ्यांबाबत. आणि त्यांचीही दशा काय? राजस्थानात आठ महिन्यांत कोठडीत अकरा मृत्यू झाल्याच्या बातमीची सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण ठाण्यातले कॅमेरे चालत नव्हते. हवे तेव्हाच नेमके बंद पडणारे यंत्र, असे या कॅमेऱ्यांचे झाले आहे. शिवाय खरी चौकशी ठाण्याच्या दर्शनी भागात होते कुठे? ती गुन्हे शाखेच्या कार्यालयात होते, गाडीत होते. म्हणून भिंतीवरचा कॅमेरा वेगळा आणि प्रत्येक जबाबाला जोडलेले चौकशीचे चित्रीकरण वेगळे. आपल्याला दोन्ही हवे.

कृष्णवर्णीयांनी मिळवले ते

अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा अनुभव आपल्यासारखाच आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील १९८९ च्या बलात्कार प्रकरणात पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो पोरांना शिक्षा झाली. त्यातल्या चौघांच्या कबुल्या तर चित्रफितीवर होत्या! पण कॅमेरा सुरू झाला तो अनेक तासांच्या चौकशीनंतर. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए जुळले आणि पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. इलिनॉय राज्यात फाशीच्या कोठडीतून तेरा जण निर्दोष सुटल्यावर जानेवारी २००३ मध्ये राज्यपालांनी सगळ्या फाशा रद्द केल्या. त्याच वर्षी तिथे खुनाच्या गुन्ह्यातील संशयिताच्या पूर्ण चौकशीचे चित्रीकरण बंधनकारक करणारा कायदा झाला. तो पुढे रेटणारा तेव्हाचा राज्य सिनेटर होता बराक ओबामा. सुरुवातीला पोलीस संघटनांचा विरोध होता, तरी कायदा झाला. इंग्लंडमध्ये तर १९८४ च्या पोलीस कायद्यापासूनच चौकशीचे ध्वनिमुद्रण रूढ झाले. ज्या इंग्रजांनी आपल्याला कलम २५ दिले, ते केव्हाच पुढे गेले. आपण मात्र 'स्वखुशीने सांगतो की' मध्येच अडकलो आहोत.

आणि आपल्याच कायद्यात हे तत्त्व आलेले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून कलम १५ अ आले. त्याचे दहावे पोटकलम सांगते की या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे चित्रीकरण करावे. अत्याचारग्रस्ताला जे दिले, ते संशयिताला देण्यात अडचण काय?

पैसे नाहीत म्हणाल, तर झडतीच्या चित्रीकरणासाठी ई-साक्ष्य ॲप पोलिसांच्या मोबाईलमध्ये आलेच आहे. पोलिसांचे खच्चीकरण होईल म्हणाल, तर उलट आहे. पोलीस खात्यात आपल्या बहुजन समाजाची हजारो पोरे शिपाई म्हणून राबतात. तोंडी हुकूम वरून येतो आणि निलंबन खाली होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला; तो पळून गेला असे सांगून मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला. सरळ मार्गाने चौकशी करणाऱ्या पोलिसाला खोट्या आरोपातून वाचवणारा साक्षीदारही हा कॅमेराच आहे.

मात्र एक धोका ओळखून ठेवावा. २००३ च्या मलिमथ समितीने सुचवले होते की चित्रीकरण केलेली, अधीक्षकापुढची कबुली सर्वच खटल्यांत ग्राह्य धरावी. हा सौदा आपल्याला मान्य नाही. चित्रीकरण हवे ते कबुलीवर शिक्का मारायला नव्हे, छळाला आळा घालायला. कलम २५ चे संरक्षण, जे आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे, त्याला हात लागता कामा नये. आणि ते चित्रीकरण वाहिन्यांना वाटून आरोपीला खटल्याआधीच गुन्हेगार ठरवण्याचा धंदाही चालता कामा नये.

काय मागायचे, काय करायचे

फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. महाराष्ट्र विधानसभा राज्यापुरती दुरुस्ती करू शकते, राष्ट्रपतींची मान्यता घ्यावी लागेल एवढेच. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन निवडून येणाऱ्या प्रत्येक आमदाराकडे चळवळीने ही मागणी नेली पाहिजे. माणूस ठाण्यात, गुन्हे शाखेत वा गाडीत आला त्या क्षणापासून चौकशी संपेपर्यंत अखंड चित्रीकरण. पहिल्याच रिमांडच्या वेळी मोहोरबंद प्रत न्यायालयात, एक प्रत आरोपीच्या वकिलाला मोफत. प्रश्नोत्तरे आरोपीच्या भाषेत. वारलीला, कातकरीला दुभाषी. साठवण पोलिसांच्या हाताबाहेर. चित्रीकरण नसेल तर निवेदन पंचनामा बाद. आणि कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनी केली असे गृहीत धरून खुलासा त्यांनीच द्यावा. ही शिफारस विधी आयोगाने १९८५ च्या ११३ व्या आणि २०१७ च्या २७३ व्या अहवालात केली आहे, ती धूळ खात पडली आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. यावरून राज्यकर्त्यांची नियत कळते.

पण कायदा होईपर्यंत हातावर हात धरून बसायचे नाही. २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात स्थानिक भाषेत फलक हवा: इथे कॅमेरे आहेत, हक्कभंग झाला तर तुम्हाला मानवी हक्क आयोगाकडे, न्यायालयाकडे तक्रार करता येते, चित्रीकरण जपून ठेवलेले आहे. पालघर, बोईसर, तारापूर, मनोर, कासा, तलासरी, जव्हार, मोखाडा येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या ठाण्यासमोर जाऊन हा फलक आहे का ते पाहावे. नसेल तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कॅमेरे किती, चालू किती, किती दिवसांचे चित्रीकरण शिल्लक, हे माहिती अधिकारात विचारावे. या कॅमेऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा समितीत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांबरोबर ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनाही जागा आहे. आदिवासीबहुल पालघरच्या जिल्हा परिषदेने ही बैठक कधी मागितली, असे आपल्या सदस्यांना विचारावे.

वस्तीतला कुणी 'चौकशीला' नेला गेला तर जमाव करून ठाण्यावर जाऊ नये, त्याने पोलिसांनाच निमित्त मिळते. चार शहाण्यांनी जावे, नेल्याची वेळ लिहून ठेवावी, वकील द्यावा. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क नव्या संहितेच्या कलम ३८ ने दिला आहे. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. पहिल्या रिमांडलाच, त्या तारखेचे त्या वेळेचे चित्रीकरण जपून ठेवावे असा अर्ज करावा. वैद्यकीय तपासणीत अंगावरची प्रत्येक खूण डॉक्टरांना दाखवून लिहून घ्यावी. हे काम भाषणाइतके गाजत नाही, पण एखाद्या घरचा कर्ता माणूस त्यामुळे परत येतो.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र आपण दर १४ एप्रिलला म्हणतो. ठाण्याच्या बंद खोलीतला गरीब माणूस एकटा असतो, त्याला संघटित होता येत नाही. त्याच्या वतीने बाहेरच्यांनी संघटित व्हायचे असते. या हिवाळी अधिवेशनापूर्वी पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यातून या मागणीचे एक निवेदन तहसीलदारांमार्फत शासनाकडे गेले पाहिजे. तलासरीपासून बोईसरपर्यंत आंबेडकरी आणि आदिवासी संघटनांनी ते एकत्र दिले तर त्याचे वजन वाढेल.

जयभीम!